थंडी आत येत नाही, ऊब बाहेर जाते

आमच्या गल्लीतली तीन कुटुंबं येत्या फेब्रुवारीत नॉर्वेला निघाली आहेत. मे २०२४ मध्ये सूर्यावर मोठी वादळं झाली, लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल झाक दिसली आणि तिचे फोटो घरोघरी मोबाईलवर फिरले. तेव्हापासून ‘ध्रुवीय प्रकाश’ हा शब्द कोल्हापुरातल्या सहलींच्या जाहिरातींतही दिसायला लागला. या मंडळींचा बेत आधी उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो शहर आणि मग स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरबायन असा आहे. हे गाव ७८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथून उत्तर ध्रुव साधारण तेराशे किलोमीटर.

मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर २०१९ च्या फेब्रुवारीत बायकोबरोबर याच गावी पाच दिवस राहून आलो. त्यामुळे सगळे प्रश्न माझ्या दारात येतात. पहिला प्रश्न शेजारच्या काकांचा होता. “सर, मनालीला घेतलेलं जर्किन हाय. तेवढं चालतंय न्हवं?” त्यांच्या सूनबाईंनी विचारलं, “किती स्वेटर न्यायचे?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘चार’ असं देऊन काम भागत नाही. थंडीत नेमकं काय घडतं हे एकदा समजलं की काय न्यायचं ते बरंचसं आपलं आपल्याला ठरवता येतं. म्हणून मुळापासून सांगतो.

थंडी नावाची वस्तूच नाही

आपली भाषा इथे थोडी फसवते. आपण म्हणतो, ‘थंडी अंगात शिरली’, ‘दारातून थंडी येतेय’. प्रत्यक्षात थंडी कुठेही शिरत नाही. उष्णता तेवढी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. आपलं शरीर आतून ३७ अंशांवर असतं. कोल्हापुरात खोलीत २७ अंश असतील तर फरक दहाचा. बाहेर उणे २० असेल तर फरक ५७ चा. फरक जितका मोठा तितकी ऊब वेगाने निसटते. ध्रुवाकडची तयारी म्हणजे या निसटणाऱ्या उबेचा हिशेब. किती कमावतो, किती गमावतो.

कमाई कुठून होते? जुन्या घरांत तांब्याचा बंब असायचा. मधल्या नळीत लाकडं जळत आणि भोवतीचं पाणी तापत राही. आपलं शरीर तसाच बंब आहे. अन्न हे जळण. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता सतत निर्माण करतो, चालायला लागला की त्याच्या कितीतरी पट. कपडे काहीही निर्माण करत नाहीत. उबदार कोट टेबलावर ठेवून त्यात थर्मामीटर घातला तर तो खोलीइतकंच तापमान दाखवेल. कपड्यांचं काम एवढंच, की बंबाने तापवलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही.

ते काम कापड करत नाही, हवा करते. आपल्याकडची वाकळ आठवा. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक ठेवून घातलेले टाके. एकेक पदर अगदी विरलेला, तरी वाकळ उबदार, कारण पदरापदरांमध्ये हवा कोंडलेली असते आणि स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. पिसं भरलेलं महागडं जॅकेट हेच करतं. पिसांच्या भुसभुशीत गुंत्यात हवा हलायची थांबते. ते जॅकेट दाबून बसलात किंवा ते ओलं झालं, की हवा गेली आणि तिच्याबरोबर ऊबही.

बशीतला चहा

आता वारा. गरम चहा आपण बशीत ओततो आणि फुंकर घालतो. चहावर गरम, दमट हवेचा एक पातळ थर असतो. फुंकर तो थर ढकलून देते आणि चहा लवकर निवतो. आपल्या त्वचेवरही असाच हवेचा थर असतो आणि ध्रुवाकडचा वारा तो सतत पळवून नेतो.

म्हणून तिथे हवामानाच्या अंदाजात दोन आकडे असतात, खरं तापमान आणि ‘विंड चिल’, म्हणजे वारा धरून उघड्या त्वचेला जाणवणारी थंडी. या कल्पनेचा जन्मच अंटार्क्टिकातला. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकी संशोधकांनी प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. आज वापरतात ते सूत्र २००१ चं आहे. त्यानुसार उणे १० अंश तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर त्वचेला सुमारे उणे २० जाणवतं. उणे २० आणि तेवढाच वारा असेल तर सुमारे उणे ३३.

अंदाज येण्यासाठी सांगतो, आपल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात साधारण उणे १८ असतं. तिथे हात घातला तर अर्ध्या मिनिटात काढून घेतो. त्या कप्प्यात वारा मात्र नसतो.

वारा नसलेल्या दिवशीही तुम्ही स्वतः वारा तयार करता, हे विसरू नका. डिसेंबरात पहाटे राधानगरीच्या रस्त्याने मोटारसायकलवर गेलेल्या कुणालाही हे सांगायला नको. बर्फावरची स्कूटर ताशी ४० किलोमीटरने धावली तर तुमच्या चेहऱ्याच्या दृष्टीने तेवढा वारा सुटलेला असतो.

खरा शत्रू घाम

हा भाग मी सगळ्यांना दोनदा सांगतो, कारण आपल्या भागातली माणसं इथेच चुकतात. मीही चुकलो होतो.

पाण्यातून उष्णता स्थिर हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने जाते. कपडा ओला झाला की वाकळीतल्या हवेची जागा पाणी घेतं. त्यात ते पाणी वाफ होताना आणखी उष्णता ओढून नेतं. माठातलं पाणी याच कारणाने गार होतं. म्हणजे घामाने भिजलेला बनियन घालून उणे १५ मध्ये उभं राहणं म्हणजे स्वतःचा माठ करून घेणं.

आपण सुती कपड्यांवर वाढलेली माणसं. इचलकरंजीचे माग हाकेच्या अंतरावर, आणि आपल्या उकाड्याला सुतासारखं दुसरं काही नाही. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं, म्हणून ते एप्रिलमध्ये सुख देतं. तोच गुण तिथे घातक ठरतो. लाँगइयरबायनच्या दुसऱ्या संध्याकाळी मी थर्मलच्या आत सवयीने सुती बनियन घातला होता. वाटाड्याबरोबर चढाने तासभर चाललो, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली. अंग छान गरम झालं होतं आणि त्याचंच मला समाधान वाटत होतं. मग आकाश बघायला सगळे थांबले. दहा मिनिटांत दात वाजायला लागले, पंधराव्या मिनिटाला बोटांनी चेन धरता येईना. वाटाड्याने एक अक्षर न बोलता मला गाडीत बसवलं, बनियन काढायला लावला आणि स्वतःच्या पिशवीतला कोरडा लोकरी सदरा दिला. आकाशात हिरवा पडदा हलत होता तेव्हा मी गाडीत होतो.

लोकरीची गोष्ट आपल्याकडच्या धनगरांना कुणी शिकवायला नको. गगनबावड्याच्या पावसात घोंगडीची खोळ घेऊन दिवसभर मेंढरांमागे उभं राहता येतं, कारण लोकर भिजली तरी तिचे कुरळे धागे चिकटून बसत नाहीत, थोडी हवा धरून राहतात. मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचे बनियन आणि मोजे तिथली माणसं थेट अंगालगत घालतात. ते महाग वाटले तर पॉलिस्टरचे थर्मल घ्या. तो धागा पाणी पीत नाही, बाहेर ढकलतो. सुती मात्र काहीही नको. बनियन, मोजे, अंतर्वस्त्रं आणि आपली नेहमीची जीन्ससुद्धा नको.

नियम असा की चालायला सुरुवात करताना थोडं गार वाटलं पाहिजे. पाच मिनिटांत अंग तापतं. घाम येईल असं वाटलं की येण्याआधीच एक थर काढायचा, थांबलात की लगेच चढवायचा.

मग चार स्वेटर की एक जर्किन?

एकच जाड कोट घातला तर घाम आल्यावर काय काढणार? म्हणून थर. अंगालगत घाम बाहेर नेणारा लोकरी किंवा पॉलिस्टरचा थर. त्यावर हवा कोंडणारा, फ्लीसचा (मऊ, फुगीर कृत्रिम कापडाचा) किंवा जाड लोकरीचा स्वेटर, आणि थांबताना चढवायला पिसांचं किंवा कृत्रिम भरावाचं जॅकेट. सर्वांत बाहेर वारा अडवणारं पातळ, पण घट्ट विणीचं आवरण. खाली पायांनाही तसंच, थर्मल, त्यावर उबदार पँट, त्यावर वारा अडवणारी पँट.

काकांचं मनालीचं जर्किन मी हातात घेऊन पाहिलं. मधला थर म्हणून उत्तम आहे. एकट्याच्या भरवशावर मात्र नाही, कारण शिवणीतून आणि चेनमधून वारा आत येतो.

चार स्वेटरांचा धोका वेगळा आहे. एकावर एक घट्ट घातले की हवेला जागाच उरत नाही आणि काखेत, मनगटाशी रक्त अडतं. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक रोआल्ड आमुंडसेन १९०३ ते १९०६ च्या मोहिमेत उत्तर कॅनडात तिथल्या मूळच्या नेत्सिलिक इन्युइट लोकांच्या शेजारी दोन हिवाळे राहिला आणि त्यांच्याकडून रेनडिअरच्या कातड्याचे ढगळ कपडे वापरायला शिकला. अंगाभोवती हवा खेळती राहते, घाम साचत नाही. १४ डिसेंबर १९११ रोजी तो दक्षिण ध्रुवावर सगळ्यांच्या आधी पोचला, त्यात या शिकण्याचा मोठा वाटा होता. ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथे संसार केले त्यांच्यापुढे शिष्य म्हणून बसायची त्याची तयारी होती, हे मला त्याचं सगळ्यात मोठं गुणवैशिष्ट्य वाटतं.

खर्चाबद्दल माझं स्पष्ट मत आहे. सर्वांत बाहेरचा भारी सूट आणि बूट विकत घेऊ नका. ट्रॉम्सो आणि लाँगइयरबायनमध्ये रात्रीच्या सहली नेणारे बहुतेकजण ते वापरायला देतात. आरक्षण करताना विचारून घ्या. पैसे घालायचे ते अंगालगतच्या थरात, मोज्यांत, हातमोज्यांत आणि टोपीत, कारण हे कुणाचं वापरलेलं घेता येत नाही आणि कोल्हापुरात पुन्हा वापरात येणारही नाही असंही नाही. पन्हाळ्यावरच्या जानेवारीत माझे मेरिनोचे मोजे अजून चालतात.

हातपाय आधी का गारठतात?

उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की टाकीजवळच्या वस्तीला पुरवठा चालू राहतो आणि टोकाच्या कॉलनीतले नळ आधी कोरडे पडतात. शरीर हेच करतं. मेंदू आणि हृदय वाचवायचं म्हणून बोटांकडच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. त्यामुळे हात गार पडले तर नुसते जाड हातमोजे घालून उपयोग होत नाही. टोपी घाला, छातीवर एक थर चढवा, जरा चाला, गोड काहीतरी खा. मधली टाकी भरली की टोकाला पाणी येतं.

पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा मिटन, म्हणजे चारही बोटं एका पिशवीत राहतात असे मोजे, जास्त गरम, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. आत पातळ बोटांचे मोजे घालायचे, म्हणजे फोटो काढायला मिटन काढलं तरी कातडी उघडी पडत नाही. मिटन दोरीने मनगटाला बांधा. एक उडून गेलं तर ती गंमत राहत नाही.

बूट एक माप मोठा. दोन मोजे घालून बोटं आत हलली पाहिजेत. बूट आवळला की रक्त थांबतं आणि हवाही राहत नाही. आणखी एक गोष्ट सूनबाईंना फार आवडली. लाँगइयरबायनमध्ये हॉटेलच्या आणि संग्रहालयाच्या दारात बूट काढून ठेवायची पद्धत आहे. पूर्वी खाणकामगार कोळशाची काजळी घेऊन येत, म्हणून ती पडली. आपल्याला उंबऱ्याबाहेर चपला काढायची सवय आहेच. तेव्हा मोजे फाटके नसावेत आणि एक कोरडा जोड खिशात असावा.

‘आम्ही तांबडा रस्सा खाणारी माणसं’

हा आक्षेप दर वेळी येतो आणि तो मनापासून असतो. तिखट खाल्लं की अंगात आग होते हे खरं, पण ती जाणीव आहे, जळण नाही. मिरचीतला दाह करणारा पदार्थ उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या नसांना चेतवतो, त्वचेकडे रक्त धावतं आणि घाम सुटतो. उबेच्या हिशेबात हा तोटाच. हॉटेलात बसून रस्सा प्या, खुशाल. बाहेर उभं राहण्यासाठी मात्र चरबी आणि साखर लागते. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ किलोकॅलरी मिळतात, साखरेतून ४. या बाबतीत आपला गूळ-शेंगदाण्याचा लाडू किंवा चिक्की कुठल्याही परदेशी खाऊच्या तोडीची आहे, आणि उबदार खोलीबाहेरही ती दाताने तुटते. चॉकलेट दगड होतं. मात्र बाहेरून नॉर्वेत मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे आणि तुपातले लाडू घरीच ठेवा.

“आणि थोडीशी घेतली तर?” हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. दारूने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात. चेहरा गरम वाटतो, कारण आतली ऊब बाहेर निघालेली असते. शिवाय थंडी वाजतेय हे कळायचं भानही कमी होतं. बाहेर जायचं असेल तर घेऊ नका. यात मी तडजोड करत नाही.

पाण्याचं उलट आहे. थंड हवेत बाष्प फार थोडं मावतं, म्हणून ध्रुवाकडची हवा कोरडी असते आणि प्रत्येक श्वासागणिक शरीरातलं पाणी जातं. तहान मात्र लागत नाही. त्यात इतके थर उतरवून लघवीला जायचा कंटाळा, म्हणून बायका तर पाणी टाळतातच. माझ्या पत्नीचा सल्ला असा की वर-खाली एकसंध असलेला थर्मल घेऊ नये, वेगवेगळे घ्यावेत, आणि थर्मासमध्ये कोमट पाणी जवळ ठेवून तासातासाला प्यावं. ओठांना आणि नाकाला व्हॅसलीन.

पांढरा डाग दिसला तर

दोन गोष्टी गंभीर आहेत. पहिली हिमदंश, म्हणजे कातडी आणि तिच्याखालचं मांस गोठणं. नाक, गालाची हाडं, कानाच्या पाळ्या, बोटं. विंड चिल उणे २८ च्या खाली गेलं की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. आधी टोचतं, दुखतं आणि मग दुखायचं थांबतं. ते थांबणं ही धोक्याची खूण आहे. मेणासारखा पांढुरका डाग दिसतो, पण स्वतःच्या नाकावरचा डाग स्वतःला दिसत नाही. म्हणून बाहेर जाताना जोड्या लावा आणि दर काही मिनिटांनी एकमेकांचे चेहरे बघा. काकांनी काकूंचा आणि काकूंनी काकांचा.

डाग दिसला तर चोळायचं नाही. तेल, बर्फ, ब्रँडी काहीही नाही. गोठलेल्या मांसात बर्फाचे कण असतात, चोळल्याने ते आतून कापतात. शेकोटीपुढेही धरू नका, बधिर कातडी भाजलेली कळत नाही. किरकोळ असेल तर उबदार तळहात नुसता ठेवा आणि आत चला. जास्त असेल तर डॉक्टर. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवून ऊब देतात, तीही पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तेव्हाच.

दुसरी गोष्ट हायपोथर्मिया, शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली उतरणं. त्याची लक्षणं बघणाऱ्याला आधी कळतात. माणूस अडखळतो, हातातून वस्तू निसटतात, बोबडी वळते, उगाच चिडतो, किंवा ‘मी बरा आहे, मला इथेच बसू द्या’ म्हणतो. कुडकुडणं थांबलं आणि तो शांत झाला तर बरं वाटतंय असं समजू नका. बंबातलं जळण संपत आलेलं असतं. वाऱ्यातून आत न्या, ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, शुद्धीवर असेल तर कोमट गोड प्यायला द्या आणि मदत बोलवा.

बीपी, शुगर आणि औषधांची पिशवी

आमच्या गल्लीतल्या या सहलीत साठीपुढचे पाचजण आहेत, तेव्हा हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. ज्यांना बीपी, हृदयविकार किंवा दमा आहे त्यांनी जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना ‘उणे २० मध्ये चालणार आहे’ असं स्पष्ट सांगून तपासून घ्यावं. नुसतं ‘परदेशी जातोय’ म्हटलं तर त्यांना अंदाज येणार नाही.

मधुमेहींनी तीन गोष्टी पाळाव्यात. इन्सुलिन एकदा गोठलं की ते फेकून द्यायचं, वितळवून वापरायचं नाही. विमानात ते हातातल्या पिशवीत आणि बाहेर फिरताना अंगालगतच्या खिशात. साखर मोजायचं यंत्र थंडीत चुकतं किंवा बंद पडतं, आत येऊन मोजा. आणि पायांची संवेदना कमी असेल तर रोज रात्री दिव्याखाली तळपाय तपासा, कारण हिमदंशाची पहिली टोचणी तुम्हाला जाणवणारच नाही.

विमा काढताना ‘रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च’ त्यात आहे का, हे वाक्य शोधून वाचा. लाँगइयरबायनला छोटं रुग्णालय आहे. मोठं काही झालं तर मुख्य भूमीवर न्यावं लागतं.

फोन, चष्मा, कुड्या

मोबाईलची बॅटरी म्हणजे आत चालणारी रासायनिक क्रिया, आणि थंडीत ती मंदावते. ६० टक्के दाखवणारा फोन अचानक बंद पडतो. तो आतल्या खिशात ठेवा, फोटोपुरता काढा. गारठलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका, शून्याखाली चार्ज केल्याने बॅटरी कायमची बिघडते. कॅमेरा बाहेरून आत आणताना बाहेरच बंद पिशवीत घाला, नाहीतर थंडगार काचेवर खोलीतलं बाष्प जमून आतपर्यंत पाणी होईल.

धातूतून उष्णता पटकन जाते. पाट आणि तांब्या एकाच खोलीत रात्रभर ठेवले तरी पहाटे तांब्याच गार लागतो. कानातल्या कुड्या, नाकातली चमकी, धातूची चष्म्याची फ्रेम, बांगड्या हे सगळं त्या तांब्याच्या जातीचं. मंगळसूत्र कपड्यांच्या आत, अंगालगत असेल तर त्रास नाही. बाकीचे दागिने हॉटेलात.

उन्हाच्या चष्म्याचं उत्तर तुम्ही कधी जाता त्यावर आहे. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य क्षितिजावरच येत नाही आणि डोंगरांच्या आडोशामुळे गावात ऊन पडायला ८ मार्च उजाडतो. त्या दिवशी गावकरी जमून सूर्याचं स्वागत करतात. आम्ही होतो तेव्हा दुपारी नुसता निळा उजेड होता, तसा निळा मी आधी पाहिला नव्हता. पण मार्चनंतर गेलात तर गडद चष्मा हवाच. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि डोळ्यांचा बाहेरचा पडदा अक्षरशः भाजतो.

‘आपण उष्ण प्रदेशातले, आपल्याला सोसेल का?’

सोसेल. माणूस हा मुळातच उष्ण प्रदेशातला प्राणी आहे. तिथला माणूस टिकतो तो कपड्यांवर, घरावर आणि शिकलेल्या सवयींवर.

आपल्या लोकांनी हे दाखवून दिलं आहे. भारताची पहिली तुकडी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकावर उतरली. १९८३-८४ च्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या, तिथे गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. त्याच मोहिमेत उभारलेलं ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणं पुढे बर्फाखाली गाडलं गेलं. त्यानंतरचं ‘मैत्री’ आणि २०१२ पासूनचं ‘भारती’ खडकावर आहेत. ‘इस्रो’च्या मंगला मणी वयाच्या ५६ व्या वर्षी ‘भारती’वर गेल्या आणि ४०३ दिवस राहिल्या. त्याआधी त्यांनी बर्फ पडताना पाहिलासुद्धा नव्हता. या मोहिमा गोव्यातल्या वास्को इथलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आखतं. निवडलेल्या माणसांची कसून वैद्यकीय तपासणी होते आणि उत्तराखंडात औली इथे भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फातलं प्रशिक्षण होतं.

अंटार्क्टिका आणि आर्क्टिक मात्र एक समजू नका. आर्क्टिक म्हणजे जमिनीने वेढलेला समुद्र, अंटार्क्टिका म्हणजे समुद्राने वेढलेला, सरासरी दोन किलोमीटर जाडीच्या बर्फाखालचा खंड. तिथल्या व्होस्तोक या रशियन ठाण्यावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंशांची नोंद झाली. लाँगइयरबायनजवळ अटलांटिकचा उबदार प्रवाह येतो, म्हणून इतक्या उत्तरेला असूनही तिथे हिवाळ्यात साधारण उणे १० ते उणे २० च्या आसपास असतं. ट्रॉम्सो तर त्याहून सौम्य. आणि जहाजाने अंटार्क्टिकाला जाणारे पर्यटक तिथल्या उन्हाळ्यात, नोव्हेंबर ते मार्चमध्ये जातात. तेव्हा किनाऱ्यावर शून्याच्या आगेमागे असतं. त्यांनी उणे ४० चा धसका घेण्यापेक्षा भिजण्यापासून जपावं.

निघण्याआधी

व्हिसाची एक मेख आहे. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण तिथे नॉर्वेतून जावं लागतं, आणि स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) आहे. म्हणजे तिकडे गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात, परत येताना पुन्हा प्रवेश. तेव्हा किमान दोनदा प्रवेशाचा व्हिसा मागा. आणि गावाच्या हद्दीबाहेर एकटं पाऊल टाकायचं नाही. तिथे पांढरी अस्वलं फिरतात, म्हणून बंदूकधारी वाटाड्या बरोबर असतो.

बाकी सराव घरीच होतो. नवे बूट महिनाभर आधीपासून रंकाळ्याभोवती पहाटेच्या फेरीत घाला, म्हणजे फोड इथेच येऊन जातील. सगळे थर चढवून पाहा, वाकता येतं का, हात वर होतो का. मग मिटन घालून, दिवा बंद करून, चेन लावणं, औषधाची डबी उघडणं आणि फोन आतल्या खिशातून काढून परत ठेवणं जमतंय का पाहा. तिन्ही घरची मंडळी रविवारी संध्याकाळी यासाठी आमच्याकडे येणार आहेत. काकांना जर्किन घेऊनच यायला सांगितलं आहे, त्यावर बाहेरचं आवरण कोणत्या मापाचं लागेल ते मोजायचं आहे.